आधी माळाला विसावा द्या
भाऊ, माळाच्या जमिनीतला कर्ब (कार्बन) वाढवायचा तर गवताचं बियाणं नंतर आणा, आधी माळाचे दहा-बारा तुकडे पाडा. आपल्या बालाघाटच्या माळांवर पहिल्या पावसाचं कोवळं गवत गुरं लगेच खुडतात. पाती गेली की मुळं आखडतात, आणि जमिनीत कर्ब जातो तो मुख्यतः मुळांवाटेच. देवणी गाई असोत की उस्मानाबादी शेळ्या, एका तुकड्यात दोन-चार दिवसच चारा. गवत चार बोटं उरलं की हलवा, मग महिनाभर तिकडं फिरकू नका. मी विसावा दिलेल्या तुकड्यातलं मारवेल गवताचं ठोंब उपटून पाहिलं, मुळांना काळसर मातीचे कण गच्च धरलेले! उन्हाळ्यात गवत पेटवू मात्र नका, जीव तुटतो बघून. वरच्या 15 सेंटिमीटर थरातला सेंद्रिय कर्ब आत्ताच तपासून घ्या; तीन वर्षांनी त्याच जागी, त्याच महिन्यात पुन्हा.