दाभोळकर कॉर्नरची धडक: खिशातून द्यायचे की क्लेम टाकायचा?

कोल्हापुरातल्या फुलेवाडीहून एका शिक्षिका ताईंनी विचारलंय. गेल्या रविवारी संध्याकाळी दाभोळकर कॉर्नरच्या सिग्नलला त्यांची गाडी पुढच्या गाडीवर आदळली. पुढच्या गाडीचा मागचा बंपर फुटला, डिकीला पोचा आला. ताईंच्या गाडीचा पुढचा बंपर चिरला, बॉनेटची कड उचलली गेली, डाव्या हेडलाइटचा कान तुटला. गर्दी जमली, चारचौघांनी ‘मिटवून टाका की’ म्हटलं आणि समोरच्यांनी १४,००० रुपये सांगितले. ताईंनी २,००० तिथंच फोनवरून पाठवले, बाकीचे शनिवारी देते म्हणाल्या.

आता घरात दोन मतं आहेत. यजमान म्हणतात, दरवर्षी इन्शुरन्स भरतो तो कशासाठी, क्लेम टाकू आणि दोन्ही गाड्यांचा खर्च त्यातून काढू. दीर म्हणतात, क्लेम टाकला की ४५ टक्के बोनस (क्लेम न घेतल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) गेला, गुपचूप खिशातून द्या. आणि पत्राच्या अगदी शेवटी एक ओळ आहे: पुढच्या गाडीत मागे त्या गृहस्थांच्या आई होत्या, ‘त्यांना काही लागलं नाही, फक्त मान धरून बसल्या होत्या.’

ताई, पैशांचा हिशेब करूच. पण माझ्या दृष्टीने तुमच्या पत्रातली सगळ्यात महत्त्वाची ओळ ती शेवटची आहे, म्हणून आधी तिच्याबद्दल बोलते.

मागून धक्का बसला की मान झटक्यात मागेपुढे जाते. दुखणं त्या क्षणी जाणवेलच असं नाही, कधी दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी वर येतं, आणि म्हाताऱ्या माणसाच्या बाबतीत तर जास्तच जपायला हवं. तुम्ही आजच त्या घरी फोन करा. पैशांचा विषय काढू नका, आईंची तब्येत विचारा. दुखत असेल तर डॉक्टरांना दाखवायला सांगा, तपासणीचा नि एक्स-रेचा खर्च मी करते म्हणा, जमलं तर स्वतः सोबत जा. तुमच्या हातून धक्का लागलाय, तेव्हा हे करणं तुमच्याकडे लागतंच.

कायदाही हेच सांगतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४ प्रमाणे अपघातात कुणाला लागलं किंवा दुसऱ्याच्या मालमत्तेचं नुकसान झालं, तर चालकाने जखमीला उपचार मिळतील असं बघायचं, जागेवर पोलीस नसतील तर २४ तासांच्या आत जवळच्या ठाण्यात सांगायचं, आणि विमा कंपनीला लेखी कळवायचं. नुसत्या पोच्यापायी कोल्हापुरात कुणी ठाण्यात जात नाही हे मलाही माहीत आहे. पण माणसाच्या अंगाचा प्रश्न आला की ‘मिटवलं’ या शब्दावर विसंबून राहता येत नाही. उद्या आईंना खरंच त्रास निघाला आणि त्यांनी कसबा बावड्याच्या न्यायसंकुलात मोटार अपघात न्यायाधिकरणाकडे अर्ज केला, तर तो त्यांचा स्वतःचा हक्क आहे. अर्जाला सहा महिन्यांची मुदत असते. मुलाने ‘आमची काही तक्रार नाही’ असं कागदावर लिहून दिलं, तरी आईंचा हक्क त्याने संपत नाही.

अशा वेळी तुमच्या पाठीशी उभा राहतो तो पॉलिसीचा थर्ड पार्टी भाग, म्हणजे तुमच्या गाडीमुळे दुसऱ्याचं जे नुकसान होतं त्यासाठीचा. माणसाच्या इजेसाठी त्याला रकमेची मर्यादा नसते. पण पॉलिसीतच एक अट असते, जी बहुतेकांनी वाचलेली नसते: कंपनीच्या लेखी संमतीशिवाय चूक कबूल करायची नाही, भरपाई देऊ करायची नाही, पैसे द्यायचे नाहीत. तुम्ही २,००० आधीच दिलेत. म्हणून सगळं गुपचूप उरकण्याचा दिरांचा सल्ला मला पटत नाही. पैसे वाचवण्याच्या नादात मोठ्या देण्याचं संरक्षण आपणच दुबळं करून घ्यायचं, असा तो व्यवहार होतो.

तेव्हा कंपनीला आजच ई-मेल करा. पॉलिसी नंबर, दोन्ही गाड्यांचे नंबर, तारीख, वेळ, जागा, गाडी कोण चालवत होतं, आईंची मान दुखत असल्याची शक्यता, जागेवर २,००० दिल्याचं आणि समोरच्या गाडीच्या दुरुस्तीचं बिल भरायची तयारी असल्याचं, सगळं खरं खरं लिहा. शेवटी लिहा की माझ्या गाडीच्या नुकसानीचा क्लेम मी सध्या करत नाही, आणि बिल भरायला त्यांची लेखी संमती मागा. घटना कळवणं म्हणजे क्लेम घेणं नव्हे. बोनस जातो तो स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा क्लेम घेतल्यावर. फक्त त्यांच्या ऑफिसातून क्लेम नंबर पाडला गेला असेल, तर तो पैसे न देता बंद झाल्याचं लेखी घ्या, नाहीतर रिन्यूअलला वाद होतो. तीन दिवस उशीर झाला म्हणून कळवायचं टाळू नका. उशिराचं कारण खरं असेल तर केवळ तेवढ्यावरून क्लेम नाकारू नये, हे इर्डाईने, म्हणजे विमा कंपन्यांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने, कंपन्यांना २०११ मध्येच सांगितलेलं आहे.

आता तुमच्या गाडीचा हिशेब. आधी यजमानांचा एक गैरसमज दूर करते: तुम्ही टाकलेल्या क्लेममधून समोरच्यांची गाडी दुरुस्त होत नाही. पॉलिसीचा ओन डॅमेज, म्हणजे ओडी, हा भाग फक्त तुमच्या गाडीसाठी असतो. त्यांच्या गाडीचं नुकसान थर्ड पार्टीत येतं. खासगी गाडीला त्याची मर्यादा सहसा साडेसात लाख असते (काही पॉलिसींत हप्ता कमी करायला ती ६,००० वर आणलेली असते, तुमची बघून घ्या), पण ते पैसे मिळायला साधारणपणे त्यांना न्यायाधिकरणाची पायरी चढावी लागते. १४,००० साठी कुणी ते करत नाही. म्हणजे क्लेम टाकला काय, न टाकला काय, त्यांचा खर्च तुमच्याकडेच राहतो.

तुम्ही शोरूमच्या वर्कशॉपचं एस्टिमेट पाठवलंय, २०,००० रुपयांचं: बंपर ३,८००, हेडलाइट ५,२००, बॉनेटचं डेंटिंग २,५००, पेंटिंग ७,०००, फिटिंगची मजुरी १,५००. तुमची बंपर-टू-बंपर पॉलिसी नाही, त्यामुळे घसारा, म्हणजे भाग जुने झाल्यामुळे उतरलेली किंमत, कापला जाणार. प्लास्टिकच्या भागांवर ५० टक्के, म्हणजे बंपरचे १,९०० गेले. हेडलाइटही सहसा प्लास्टिकमध्येच धरतात, तिथे २,६०० गेले. पेंटिंगच्या बिलात एक चतुर्थांश मटेरियल धरून त्याच्या निम्मे कापतात, ते ८७५. त्यावर १,५०० सीसीपर्यंतच्या गाडीला सक्तीची वजावट, म्हणजे दर क्लेमला मालकाने स्वतः सोसायची रक्कम, १,०००. एकूण ६,३७५ तुमच्या खिशातून, कंपनीकडून १३,६२५.

दिसायला बरे दिसतात. आता बोनस बघा. नो क्लेम बोनसची शिडी अशी: २०, २५, ३५, ४५, ५० टक्के. चार वर्षं क्लेम नाही म्हणून तुम्ही ४५ वर आहात, या खेपेला ५० वर जाल. क्लेम घेतलात की थेट शून्यावर, आणि वर यायला पुन्हा पाच वर्षं. पुढच्या रिन्यूअलला ५० टक्क्यांचा फरक, मग ३०, मग २५, मग १५, मग ५. बेरीज १२५ टक्के. तुमचा ओडीचा मूळ हप्ता, बोनस वजा करण्याआधीचा, ८,००० आहे. त्याचे १२५ टक्के म्हणजे १०,०००, वर १८ टक्के जीएसटी धरून ११,८००. गाडीची किंमत दरवर्षी उतरते तसा हप्ताही थोडा उतरतो, म्हणून दहा-साडेदहा हजार धरा.

म्हणजे १३,६२५ घेऊन पाच वर्षांत दहा-साडेदहा हजार परत करायचे. उरतात तीनेक हजार, तेही शोरूममध्येच काम केलंत तर. आणि तुमचं काम शोरूमचं नाही. तुम्ही पाठवलेल्या फोटोत हेडलाइटची काच धड आहे, आतलं रिफ्लेक्टर धड आहे, फक्त बसवायचा कान तुटलाय. तो चिकटवून स्क्रूने आवळता येतो, नवीन लाइटची गरज नाही. बंपरची चीर वीतभर आहे, प्लास्टिक वेल्डिंगने भरते. उद्यमनगरातल्या ज्या गॅरेजवाल्याने तुम्हाला ९,५०० सांगितलेत, त्याचा आकडा मला वाजवी वाटतो. वीस हजारांच्या कामाचे कंपनीकडून १३,६२५ घेण्यापेक्षा साडेनऊ हजारांत काम उरकून बोनस राखणं फायद्याचं.

आणखी एक गोष्ट तुम्ही ओझरती लिहिलीत, की दिवाळीनंतर मोठी गाडी घ्यायचा विचार आहे. बोनस गाडीचा नसतो, मालकाचा असतो. जुनी विकताना बोनसचं सर्टिफिकेट घेतलं तर तो नव्या गाडीला लावता येतो. नव्या गाडीचा ओडी हप्ता समजा २०,००० असला, तर ५० टक्के म्हणजे पहिल्याच वर्षी १०,००० आणि वर जीएसटी वाचतो. तुमच्या बाबतीत बोनसची खरी किंमत ही आहे. त्यामुळे बोनसपुरतं दिरांचं म्हणणं बरोबर आहे: स्वतःच्या गाडीचा क्लेम टाकू नका. एवढं खरं की गॅरेजवाल्याने बॉनेट उघडल्यावर आत रेडिएटर किंवा त्याची चौकट वाकलेली निघाली आणि खर्च तीस-पस्तीस हजारांवर गेला, तर हे गणित उलटतं. म्हणून कामाला हात लावण्याआधी त्याला बॉनेट उघडून नीट बघायला सांगा. क्लेम करायची पाळी आली तर सर्व्हेअर (कंपनीतर्फे नुकसान तपासणारा माणूस) येईपर्यंत काही खोलू द्यायचं नाही.

आता ते १४,०००. त्यांची गाडी आठ महिन्यांची आहे. तुमच्या गाडीला उद्यमनगर चालेल, पण त्यांच्या नव्या, वॉरंटीतल्या गाडीला तुम्ही ‘आमच्या ओळखीच्याकडे करून देतो’ म्हणणं बरं नव्हे. त्यांना शोरूममध्ये काम करून घ्यायचा अधिकार आहे. पण रस्त्यावर अंदाजाने सांगितलेला आकडा आणि बिल यांत फरक असतो. शनिवारी रोख देऊ नका. त्यांच्याकडून लेखी एस्टिमेट मागा, मागचा बंपर, डिकीचा पोचा आणि तेवढंच पेंटिंग त्यात आहे ना ते रविवारच्या फोटोंशी ताडून बघा, आणि बिल झालं की दिलेले २,००० वजा करून बाकीचे थेट वर्कशॉपला भरा. बिल ११,००० झालं तर ११,०००, १५,५०० झालं तर १५,५००. रस्त्यावरचा आकडा कमी होता म्हणून वरचे नाकारू नका.

त्यांनी स्वतःच्या पॉलिसीतून क्लेम टाकावा, असं तुमच्या एजंटाने सुचवलंय. ते त्यांना वाटलं तर करतील. मग त्यांची वजावट आणि त्यांच्या बोनसचं नुकसान तुम्ही भरून द्यायला हवं. पण आपण होऊन ते त्यांच्या गळ्यात मारू नका. चूक त्यांची नव्हती. एजंटाची दुसरी सूचना, की खांबाला धडकल्याचं दाखवून दोन्ही गाड्यांचा खर्च क्लेममध्ये बसवू, ती तर ऐकूही नका. खोट्या माहितीवरचा क्लेम उघडा पडला की पैसेही जातात आणि कंपनीच्या दप्तरी नावही खराब होतं.

बिल भरल्यावर साध्या कागदावर दोन-चार ओळी घ्या: तारीख, जागा, दोन्ही गाड्यांचे नंबर, वर्कशॉपचा बिल नंबर, रक्कम, आणि ‘गाडीच्या नुकसानीपोटी आता काही येणं नाही.’ दोघांच्या सह्या. फोनवरून पैसे पाठवताना शेऱ्यात बिल नंबर टाका. त्या कागदात कुणाची चूक होती ते लिहू नका आणि आईंचा उल्लेखही नको.

पैसे कुठून आणायचे? खात्यात ३५,००० आहेत, मुलीच्या क्लासचा २०,००० चा हप्ता पुढच्या महिन्यात, आणि तुमची भिशी दोन महिन्यांनी लागणार आहे, असं तुम्ही लिहिलंय. मग सगळं एकदम करायची गरज नाही. त्यांचं बिल पहिलं, त्यात चालढकल नको. तुमच्या गाडीचा हेडलाइट लगेच, कारण रात्री फुलेवाडीच्या रस्त्याला एका लाइटवर जाणं धोक्याचं. बॉनेटवर जिथे रंग उडून पत्रा उघडा पडलाय, तिथे पाऊस लागायच्या आत निदान प्रायमर मारून घ्या, गंज धरला की ते काम दुप्पट होतं. एवढं दोन हजारांच्या आसपास होईल. बंपर प्लास्टिकचा आहे, त्याला गंज नाही, तो भिशी लागेपर्यंत तसाच राहिला तरी बिघडत नाही. क्रेडिट कार्डाचे हप्ते किंवा पतसंस्थेचं कर्ज यासाठी मुळीच नको.

आणि आईंना डॉक्टरांनी पुढची तपासणी सांगितली, तर त्याची कागदपत्रं त्याच ई-मेलच्या उत्तरात कंपनीला पाठवत राहा. तिथून पुढे मात्र रक्कम ठरवण्याचं बोलणं तुम्ही करू नका. कंपनीकडून पंधरा दिवसांत काही उत्तर आलं नाही तर मला पुन्हा लिहा, आपण त्यांच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे जाऊ. तिथेही दाद लागली नाही तर पुण्याचं विमा लोकपाल कार्यालय आहे, आणि तिथे अर्जाला एक रुपयाही लागत नाही.