गणित सोडू का, बायफोकल घेऊ का?

प्रश्न : ताई नमस्कार. पोरगी यंदा दहावीत 82 टक्क्यांनी पास झाली, गणितात तेवढे 61 आहेत. घरी म्हशी अन् बैलजोडी, तिला ढोरांचा लय लळा, म्हणते जनावरांची डॉक्टरच होतो. तालुक्याच्या कॉलेजात चौकशीला गेलो तर सर म्हणे बायफोकल इलेक्ट्रॉनिक्स घ्या, मार्क पडतात. तिचा मामा म्हणतो गणित सोडून टाक. मला तर काही समजूनच नाही राहिलं, का करावं?
– एक वाचक, ता. दारव्हा, जि. यवतमाळ

उत्तर : भाऊ, पोरीचं अभिनंदन. पहिले त्या बायफोकलचं बोलू, कारण फसगत तिथंच होते अन् कळते बारावी झाल्यावर. बायफोकल म्हणजे अकरावी-बारावीत सायन्ससोबत घ्यायचा धंदेशिक्षणाचा विषय. तो 200 मार्काचा असतो, तो घेतला की दुसरी भाषा अन् सायन्सचा एक विषय असे दोन सुटतात, अन् इलेक्ट्रॉनिक्सवाल्या पोरांचा सुटणारा विषय बहुतेक बायोलॉजीच असतो. बायोलॉजी गेली की व्हेटर्नरी, म्हणजे जनावरांची डॉक्टरकी गेली, विषयच संपला! त्या डिग्रीला बारावीत फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी अन् इंग्रजी लागतं, प्रवेश नीट नावाच्या प्रवेश परीक्षेच्या मार्कांवर होतो अन् नीटच्या 720 पैकी 360 मार्क एकट्या बायोलॉजीचे आहेत. सर म्हणतात ते मार्क बारावीच्या गुणपत्रिकेवर छान दिसतील, पण नीटमध्ये त्यांना कोणी विचारत नाही.

आता मामाचं. त्यांचं अर्धं बरोबर आहे, नागपूरच्या व्हेटर्नरी कॉलेजात जायला गणित लागत नाही. बी.एस्सी. ॲग्रीलाही सीईटीचा, म्हणजे राज्याच्या प्रवेश परीक्षेचा, पीसीबी (फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी) ग्रुप चालतो, म्हणजे नीट हुकली तरी अकोल्याच्या कृषी विद्यापीठाची वाट उघडी आहे, सीईटीचा फॉर्म मात्र आठवणीनं भरा. पण तुमच्याच जिल्ह्यात, पुसदजवळ वरूडला डेअरी टेक्नॉलॉजीचं कॉलेज आहे, नागपूरच्या पशुविज्ञान विद्यापीठाचंच, अन् तिथल्या बी.टेक.ला गणित पाहिजेच. काम दुधाचंच, पण गोठ्यातलं नाही, प्लांटमधलं. पोरीला हेही आवडू शकते, आजवर कोणी तिला सांगितलंच नसेल.

मग गणित ठेवायचं का? हे मी नाही ठरवणार, मामानंही ठरवू नये. बालभारतीच्या साइटवर अकरावीची पुस्तकं फुकट मिळतात, गणिताचं उतरवून घ्या, सुरुवातीचे कोन अन् त्रिकोणमितीचे धडे पोरीनं कॉलेज सुरू व्हायच्या आधी स्वतः सोडवून पाहावे. अडखळत का होईना पण जमत असलं तर पीसीएमबी, म्हणजे गणित अन् बायोलॉजी दोन्ही घ्या, अन् पुस्तक पाहूनच पोटात गोळा येत असला तर सरळ पीसीबी, त्यात कमीपणा काहीच नाही. सायन्सची पुस्तकं इंग्रजीत असतात, मराठी शाळेतल्या पोरांचे पहिले दोन-तीन महिने त्यातच जातात, तेव्हा दिवाळीपर्यंत मार्क कमी आले तर घरी रागावू नका.

अन् एक, कॉलेज पाहताना लॅब उघडायला लावा. मायक्रोस्कोपवर धूळ अन् वर्गात पोरंच नाहीत, सगळे म्हणे शहरात ट्यूशनला, असं दिसलं की समजा इथं ॲडमिशन नुसती नावाला आहे. फॉर्मवर सहीच्या आधी विषयांची नावं स्वतः वाचा, पोरीलाही वाचू द्या.

प्रश्न : मॅडम, दहावीत 54 टक्के आहेत. मी मोटारपंप खोलून जोडतो, गावातले लोक बोलावतात. बाबा म्हणतात आयटीआय ढ पोरांसाठी असतो, सायन्सच घे.
– एक विद्यार्थी, जि. बुलढाणा

उत्तर : बाबांना म्हणा, पंप जळला की गाव कोणाला बोलावतं ते पाहा. दादा, तुझ्यासमोर दोन रस्ते आहेत. आयटीआयचा इलेक्ट्रिशियन ट्रेड दोन वर्षांचा, तो पास झाला की डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला अर्ज करता येतो. नाहीतर आत्ताच पॉलिटेक्निकला इलेक्ट्रिकल डिप्लोमा, तीन वर्षांचा, प्रवेश दहावीच्या मार्कांवर, अन् पुढं इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येते. म्हणजे बाबांना पाहिजे असलेली डिग्री यातूनही होते, अकरावी-बारावी सायन्स न करता. डिप्लोमात गणित भरपूर असते मात्र, ते टाळायचं असेल तर आधी आयटीआयच बरा. सरकारी सीटची फी खाजगीपेक्षा बरीच कमी असते म्हणून पर्याय भरताना वर सरकारी टाक, अन् जातीचा, उत्पन्नाचा दाखला तहसीलमधून आत्ताच काढायला टाक, ऐन ॲडमिशनच्या वेळी दाखल्यांच्या सेतू केंद्रात उभं राहायला जागा नसते.