साखर कारखाने स्वतःच वीज का तयार करतात? महावितरणकडून घेणं सोपं नाही का?

कारखान्याला विजेपेक्षा वाफेची गरज मोठी असते. रस आटवायला, साखर शिजवायला वाफ लागतेच, म्हणजे बॉयलर पेटवावा लागणारच. मग तीच वाफ आधी जास्त दाबाने टर्बाइनमधून सोडली की वीज मिळते, आणि टर्बाइनमधून बाहेर पडलेली कमी दाबाची वाफ रस आटवायला पुरते. यालाच सहवीजनिर्मिती म्हणतात.

कोळशाच्या औष्णिक केंद्रात इंधनातली साधारण ६० टक्क्यांहून अधिक उष्णता कूलिंग टॉवर आणि धुराड्यातून वाया जाते. इथे तीच उष्णता कामाला येते, त्यामुळे इंधनाचा ७०-८० टक्के उपयोग होऊ शकतो. इंधनही घरचंच: एक टन ऊस गाळला की सुमारे २८०-३०० किलो बगॅस, म्हणजे उसाचा चोथा, निघतं. वीज जागेवरच वापरल्याने वहनातली गळतीही टळते आणि उरलेली महावितरणला विकता येते.

जुन्या कारखान्यांत २१ किलो (दर चौरस सेंटिमीटरला) दाबाचे बॉयलर असत, त्यातून जेमतेम स्वतःपुरती वीज निघे. विक्रीचं गणित ६७ किंवा ११० किलोच्या बॉयलरमुळे जमलं. अर्थात भांडवल मोठं लागतं, आणि हंगाम संपला की वाफेला गिऱ्हाईक नाही. माझ्या मते खरी अडचण तीच.