कारवी नेमकी कोणती?

प्रश्न असा आहे: कासच्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, गाइडने गुडघाभर, जांभळ्या फुलांच्या झुडपाला कारवी म्हटलं. प्रश्नकर्तीच्या कोकणातल्या आजी म्हणतात, कारवी माणसाएवढी वाढते आणि तिचा कूड घालतात. त्यातच सहलीतल्या कुणीतरी पाणथळ जागेतल्या जांभळ्या गालिच्यालाही कारवीच ठरवलं. खरं कोणाचं?

आजींचं. गाइडने नाव अर्धंच सांगितलं. सड्यावरची ती टोपली कारवी, पालथ्या टोपलीसारखी गोल आणि बसकी. नुसतं ‘कारवी’ म्हटलं की डोंगरउतारावर दाट रान माजवणारी, मोठ्या खरबरीत पानांची. दोघी एकाच कुळातल्या, फुलं दोघींची निळसर जांभळी, आणि दोघी कित्येक वर्षं नुसत्या पाल्यावर असतात. गोंधळ होणारच.

गावाकडच्या बोलण्यात कारवी म्हणजे आधी काठी, मग फूल. ‘कारव्या तोडून आणल्या’ म्हणतात ते या काठ्यांबद्दल. त्या शेजारी शेजारी उभ्या बांधून वर शेणमातीचा गिलावा दिला की झाला कुडाचा भिंताडा. फुलाची वाट वर्षानुवर्षं पाहावी लागते, काठी मात्र घराला सदाच लागते. तेव्हा आजींना भिंत आधी आठवली यात नवल नाही. वनस्पतिशास्त्रानेही हा शब्द उचलला. डच वनस्पतिशास्त्रज्ञ ब्रेमेकांप यांनी १९४४ मध्ये हिच्यासाठी वेगळी प्रजाती (जीनस) मांडली, ती ‘कार्विया’ नावानेच. आता मात्र तिला बहुधा पुन्हा स्ट्रोबिलँथिस या आधीच्या मोठ्या प्रजातीतच धरतात.

‘दर सात वर्षांनी फुलते’ हा प्रयोग जरा सैल आहे. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात ती २००८ मध्ये फुलली आणि त्यानंतर २०१६ मध्ये. म्हणजे सात वर्षं वाढते, आठव्या वर्षी फुलते आणि बी धरून मरते. सगळे डोंगर एकाच साली फुलतात असंही नाही.

पाणथळीतला गालिचा बहुधा सीतेची आसवं. बारीक दांडी, दोन ओठांचं इवलं फूल, आणि मातीत बारीक पिशव्या, ज्यांत सूक्ष्म जीव अडकवून ही वनस्पती पचवते. कारवीशी तिचा रंगापुरताच संबंध. आणि रंगाची साक्ष कच्चीच. एकाच फुलाला एक निळं म्हणतो, दुसरा जांभळं. त्यापेक्षा झाड उतारावर होतं, कातळावर होतं की पाण्यात, हे आधी विचारावं.

कारवीला ‘आपली नीलकुरिंजी’ म्हणण्याची टूम मला तरी खटकते. नीलकुरिंजी दक्षिणेतल्या डोंगरांवरची, फुलते बारा वर्षांनी. मुन्नारला २००६ नंतर २०१८ मध्ये फुलली. कारवीची ती बहीण खरी, पण बहिणीचं नाव कशाला लावायचं?