भगव्याच्या बिया लावल्या तर भगवाच येईल का?

तुम्ही विचारलंय की मार्केट यार्डातून आणलेलं भगवा डाळिंब इतकं गोड निघालं की दाणे कुंडीत टाकले, ते उगवले पण, आता तसंच फळ येईल का. डाळिंब येईल हो, भगवा येईल याची काही गॅरंटी नाही.

माझं शेत सांगोल्याकडं, सगळी बाग भगव्याचीच. उकिरड्याच्या कडेला एक झाड आपोआप उगवलं, आपल्याच फळाचं बी पडलं असणार म्हणून ठेवलं, तिसऱ्या वर्षी चार फळं लागली, बाहेरून लालभडक आणि फोडलं तर आत फिकट गुलाबी, आंबट, बी दाताखाली कचकच. आईनं शेवटी दाणे वाळवून आमटीत घातले.

कारण असंय की झाडात प्रत्येक जनुकाच्या (गुण ठरवणाऱ्या घटकाच्या) दोन प्रती असतात, परागात आणि बीजांडात त्यातली एकेकच जाते आणि कुठली जाईल ते नशिबावर. भगवा मुळात संकरातनं निवडलेला वाण, त्यामुळं त्याच्या दोन प्रती बऱ्याच ठिकाणी सारख्या नसतात, म्हणजे मधमाशीनं त्याच झाडाचा पराग आणून टाकला तरी पत्ते नव्यानं पिसले जातातच. आनुवंशिकतेचे नियम शोधणाऱ्या मेंडेलनं वाटाण्यावर हेच बघितलं होतं (त्याचा लेख १८६६चा), पिवळ्या दाण्याच्या संकरित झाडांना ६०२२ पिवळे दाणे आले आणि २००१ हिरवे, हिरवा रंग एक पिढी नुसता लपून बसलेला.

आता गंमत बघा, आपण जो लाल गर खातो तो बीच्या बाहेरच्या सालीचा भाग, म्हणजे सगळा आईच्या झाडाचा. पोर आत पांढऱ्या बीमध्ये असतं, आपण ते थुंकतो नाहीतर चावून टाकतो. म्हणून फळ गोड लागलं यावरनं आई कळली, पोराचं काहीच कळलं नाही, आणि एका फळातले सगळे दाणे भावंडं असले तरी प्रत्येकाचा स्वभाव वेगळा.

म्हणून बागेसाठी बिया कुणी लावत नाही. पावसाळ्यात फांदीची इंचभर साल गोल काढायची, ओलं शेवाळ लावून प्लॅस्टिक बांधायचं, दीड-दोन महिन्यात मुळ्या फुटल्या की कापून लावायचं, ही गुटी. हे पोर नाही, तेच झाड आहे. तोटा पण तिथंच, सगळी बाग एकसारखी, त्यामुळं तेल्या (तेलकट डाग पाडणारा जिवाणूंचा रोग) आला की एक झाड दुसऱ्यापेक्षा वेगळं वागत नाही.

पण बी अगदीच वाया जात नाही. गणेश हा वाण आळंदी जातीच्या बियांच्या रोपांतूनच १९३६ला पुण्यात निवडला, आणि आपल्या सोलापूरजवळच्या केगावच्या डाळिंब संशोधन केंद्राचा ‘सोलापूर लाल’ हा वाण पण संकरच, त्यात तर ‘दारू’ नावाच्या आंबटढाण रानटी डाळिंबाचं रक्त आहे.

तर रोपं उपटू नका. फळाला दोन-तीन वर्षं सहज जातील, तोवर नर्सरीतनं एक गुटीचं रोप आणून शेजारी ठेवा, फक्त घेताना पान उजेडाकडं धरून तेलकट डाग नाहीत ना ते बघा.