रुग्णवाहिका गेटवर आली, पण पेशंट २१व्या मजल्यावर

प्रश्न : आम्ही ठाण्यात घोडबंदर रोडला, २१व्या मजल्यावर राहतो. मध्यंतरी रात्री सासऱ्यांच्या छातीत दुखू लागलं. रुग्णवाहिकेसाठी फोन केला, तर पलीकडची मुलगी पत्ता, विंग, जवळची खूण असं विचारतच राहिली. गाडी यायला अर्ध्या तासाच्या वर लागला. सासरे आता बरे आहेत, पण मिस्टर म्हणतात, पुढच्या वेळी फोनच्या भानगडीत न पडता आपल्या गाडीतून न्यायचं. एवढ्या मोठ्या शहरात इतका उशीर का होतो? – एक वाचक, ठाणे

उत्तर : ताई, सासरे बरे आहेत हे वाचलं आणि मगच बाकीचं पत्र नीट वाचलं. मी बरीच वर्षं रुग्णवाहिकेवर डॉक्टर म्हणून ड्युटी केली आहे, त्यामुळे त्या मुलीची थोडी बाजू घेणार.

ठाण्यातून १०८ लावला तरी फोन घेतला जातो पुण्यात, औंधच्या नियंत्रण कक्षात. तिथे बसलेल्या माणसाला ‘पेट्रोल पंपाच्या पुढचा यू-टर्न’ कसा दिसणार? आणि तुमच्या रस्त्यावर एकाच बिल्डरच्या नावाचे दोन-तीन प्रकल्प शेजारी-शेजारी. चुकीच्या कॉम्प्लेक्समध्ये गाडी शिरली की वॉचमनला विचारा, रिव्हर्स घ्या, पुन्हा यू-टर्न शोधा. त्यापेक्षा फोनवरचे दोन प्रश्न परवडले.

पण सगळं पत्त्यावर ढकलणार नाही. २०१४ साली ही सेवा सुरू झाली ती ९३७ गाड्यांवर. त्यातल्या २३३ व्हेंटिलेटरवाल्या, आणि राज्याची लोकसंख्या ११ कोटींच्या वर. उद्दिष्ट ठरलं शहरात २० मिनिटांचं, ग्रामीण भागात ३० मिनिटांचं. रात्री रस्ता रिकामा असूनही उशीर होतो, कारण जवळची गाडी मोकळीच नसते. ती कुठे असते सांगू? एखाद्या सरकारी रुग्णालयाच्या दारात. आत खाट नाही म्हणून आधीचा पेशंट आमच्याच स्ट्रेचरवर पडलेला असतो. स्ट्रेचर अडकली की गाडी अडकली. बाहेर पायलट (आमच्यात ड्रायव्हरला पायलट म्हणतात) चहा पिताना दिसला की लोक त्याच्यावर डाफरतात. नगरसेवकाकडे गाड्या वाढवा अशी मागणी नेलीत, तर कॅज्युअल्टीतल्या खाटांचंही बोला.

आता तुमच्या २१व्या मजल्याचं. गाडी गेटवर उभी राहिली म्हणजे आम्ही पेशंटपाशी पोचलो असं नाही. गेटवर वही पुढे येते, पोडियमवर (टॉवरखालच्या उंच चौथऱ्यावर) गाडी चढत नाही, छोट्या लिफ्टमध्ये स्ट्रेचर आडवी मावत नाही आणि सामानाच्या लिफ्टची चावी सुपरवायझरच्या खिशात, सुपरवायझर घरी. टोरांटो परिसरात घरी हृदय बंद पडलेल्या रुग्णांचा अभ्यास झाला, २०१६ साली प्रसिद्ध झाला. तिसऱ्या मजल्याच्या खाली राहणाऱ्यांपैकी ४.२ टक्के वाचले, तिसऱ्या आणि त्यावरच्या मजल्यांवरचे २.६ टक्के. सोळाव्याच्या वर एक टक्कासुद्धा नाही. आपले टॉवर त्याहून सोपे आहेत असं मला तरी वाटत नाही. तेव्हा पुढच्या मीटिंगमध्ये पार्किंगवरून भांडण सुरू होण्याआधी एवढं ठरवून घ्या: चावी रात्रीच्या वॉचमनकडेच राहील, आणि फोन झाला की एक माणूस गेटवर, एक लिफ्ट धरून.

मिस्टरांचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. पेशंट शुद्धीवर आहे, गाडीला बराच वेळ लागेल असं फोनवर कळलं, तर आपल्या गाडीतून जरूर न्या. पण अँजिओप्लास्टी चोवीस तास होते अशाच ठिकाणी. ते ठिकाण आजच शोधून ठेवा. पेशंटला जिना उतरवू नका आणि चालवणारा व मागे बसून लक्ष ठेवणारा अशी दोन माणसं हवीत. फोन मात्र आधी कराच. वाटेत हृदय बंद पडलं तर तुमच्या गाडीत शॉक द्यायचं यंत्र नाही, आमच्यात आहे.

आणि माणूस कोसळला, हाक मारून उठत नाही, श्वास नीट नाही, तर कुठेही न्यायचं नाही. चार ते सहा मिनिटांत मेंदूला इजा व्हायला लागते; २० मिनिटांचं उद्दिष्ट तंतोतंत पाळलं तरी आम्ही तिथे उशिराच पोचणार. फोन स्पीकरवर टाका, त्याला जमिनीवर उताणं झोपवा आणि छातीच्या मधोमध दोन्ही तळव्यांनी दाबायला लागा: मिनिटाला १०० ते १२०, पाच-सहा सेंटिमीटर खोल. दमलात की दुसऱ्याने घ्यायचं. बरगडी मोडेल म्हणून लोक हळू दाबतात. मोडू दे. बरगडी जुळते.

प्रश्न : अपघात झाला, गाडी येईना, म्हणून जखमीला मीच रिक्षातून नेलं तर पोलीस मागे लागतात का? – एक रिक्षाचालक, पुणे

उत्तर : नाही दादा. २०१९च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात १३४-अ हे कलम आलं. नाव-पत्ता सांगायची सक्ती तुमच्यावर नाही, आणि जखमीला नेताना काही बरंवाईट झालं तरी सद्हेतूने मदत करणाऱ्यावर कारवाई होत नाही. फक्त मानेला किंवा पाठीला मार असेल, हातपाय हलत नसतील, तर त्याला सीटवर दुमडून बसवू नका. तिथेच डोकं-मान सरळ धरून ठेवा आणि रिक्षा आडवी लावून मागची वाहनं थोपवा.