किती पोरी घ्यायच्या ते आधी पिचर मोजून ठरव

प्रिय बेटा,

काल रात्री तू सॉफ्टबॉलच्या टीमसाठी २२ नावांची यादी पाठवलीस आणि खाली लिहिलंस, सर यातल्या किती ठेवू, कोणालाच नाही म्हणवत नाहीये. फोनच करणार होतो पण हे दोन मिनिटांत सांगून होणारं नाही, म्हणून निवांत लिहायला बसलोय.

आधी आकडा सांगतो. १४ वर्षांखालच्या पोरींची टीम असेल तर १३. बारा चालतील, चौदापर्यंत ओढता येईल, पण तू एकटी आहेस आणि मैदान एकच आहे, त्याच्या वर जाऊ नको. स्पर्धेला किती नावं चालतात ते त्या वर्षीच्या परिपत्रकात बघ, पण तिथे दिलेला जास्तीत जास्त आकडा भरलाच पाहिजे असं कोणी सांगितलंय? टोकियो ऑलिम्पिकला सॉफ्टबॉलच्या एकेका टीममध्ये १५ च जणी होत्या, आणि त्या सगळ्या तयार खेळाडू.

आता हिशोब बघ. मैदानात ९ जागा, मॅच ७ इनिंगची (दोन्ही टीमची एकेकदा बॅटिंग झाली की एक इनिंग), म्हणजे सगळ्या मिळून ६३ जागा वाटायच्या. १३ पोरींत वाटल्या तर प्रत्येकीला जवळपास पाच इनिंग येतात, २२ जणींत वाटल्या तर तीनसुद्धा नाही. आणि हे पूर्ण मॅच झाली तर, शाळेच्या मॅचमध्ये रनांचा फरक मोठा पडला की चार-पाच इनिंगमध्येच संपवतात, मग ४ गुणिले ९ छत्तीस, त्यात २२ पोरी म्हणजे कोणाला एक इनिंग कोणाला दोन. त्यातही सगळं आपल्या हातात नसतं, सुरुवातीच्या नऊमधली पोरगी एकदा बाहेर जाऊन एकदाच परत येऊ शकते, तेही तिच्याच बॅटिंग नंबरवर, आणि बदली आलेली एकदा बाहेर गेली की गेली. त्यामुळे कागदावर सारखं वाटलेलं मैदानात सारखं पडत नाही.

प्रॅक्टिसचं तर अजून वाईट. एका पोरीला १० बॉल नीट टाकून मारायला लावले तर तीन मिनिटं जातात. २२ जणींना ६६ मिनिटं. तुझी प्रॅक्टिस दीड तासाची, मग कॅचिंग कधी, थ्रो कधी, बेस रनिंग कधी घेणार? बाकीच्या लाइनीत उभ्या राहून गप्पा मारतात आणि आपण त्यांच्यावर ओरडतो, चूक त्यांची नसतेच.

मी हे करून बसलोय म्हणून सांगतोय. एका वर्षी मी १८ पोरी घेतल्या, कारण तुझ्यासारखंच नाही म्हणवत नव्हतं. त्यातली एक बारीकशी पोरगी, डावखुरी, रोज वेळेवर यायची. जिल्ह्याच्या मॅचला तिचे वडील कापसाची वेचणी सोडून मोटरसायकलवर आले, कडेला निंबाखाली उभे राहिले, आणि शेवटची इनिंग चालू असताना हळूच माझ्याजवळ येऊन म्हणाले, "सर, मनी पोर कव्हय खेयी?" म्हणजे माझी पोर कधी खेळणार? मी काहीतरी बोललो, काय ते आठवत नाही. आठवतं ते एवढंच की मॅच संपल्यावर सगळ्या पोरींच्या पँटीचे गुडघे काळ्या मातीने भरलेले आणि हिची पँट तशीच, घरून धुऊन घडी घालून आणलेली. दुसऱ्या वर्षी ती आली नाही. मी तिला टीममध्ये घेऊन खेळापासून तोडलं, घेतलंच नसतं तर कदाचित दुसरीकडे कुठे खेळली असती.

उलटं पण करून बघितलंय. १८ चा त्रास झाला म्हणून पुढच्या वर्षी १० घेतल्या, छान सुटसुटीत वाटलं. मॅचच्या आदल्या रात्री एकीला ताप भरला आणि तिसऱ्या इनिंगला सेकंड बेसवर स्लाइड करताना एकीचा घोटा मुरगळला. आठ राहिल्या. आठ जणींवर मॅच चालत नाही, समोरच्यांना जिंकून दिली. पोरी रडत नव्हत्या, नुसत्या बसून होत्या, ते जास्त लागलं.

म्हणून खालची मर्यादा ठरवताना आपल्याकडचं कॅलेंडर समोर घे. श्रावणात कानबाई देवी बसते, त्या दिवशी अर्ध्या पोरी घरी रोटाच्या, म्हणजे तिच्या नैवेद्याच्या तयारीत. दिवाळीच्या आगेमागे कापसाची वेचणी, शेतावरच्या घरातली पोरगी येईलच असं धरूच नको, आणि त्यावरून तिला बोलू पण नको, त्या घराचं वर्षाचं गणित त्यात असतं. घटक चाचणी वेगळीच. माझा अंदाज असा की वाईटात वाईट दिवशी तीन जणी कमी पडतात. तेराच्या दहा राहतात, वर एक हाताशी राहते, मॅच होते.

पण खरं सांगू का, एकूण आकडा सगळ्यात शेवटी येतो. आधी पिचर, म्हणजे बॉल टाकणाऱ्या, मोज. तीन पाहिजेत, निदान दोन पक्क्या आणि एक शिकणारी. लोक म्हणतात बॉल खालून टाकायचाय, त्यात काय दुखतंय, पण हात पूर्ण गोल फिरवून टाकणाऱ्या बारा-तेरा वर्षांच्या पोरीचा खांदा दिवसात दोन मॅचनंतर काय होतो ते रात्री तिची आई शेकते तेव्हा कळतं. मग कॅचर, म्हणजे बॅटिंग करणारीच्या मागे बसून बॉल पकडणाऱ्या, दोन. ऑक्टोबरच्या उन्हात मास्क, छातीचं पॅड आणि पायाचे गार्ड घालून सात इनिंग उकिडवं बसणं आपल्याकडे एकीचं काम नाही. या पाच जणी ठरल्या की मग शॉर्ट स्टॉप (सेकंड आणि थर्ड बेसच्या मधली जागा) आणि सेंटर फील्ड (मागची मधली जागा) इथे पळणाऱ्या बघ, आणि बाकीच्या अशा घे की दोन जागांवर खेळू शकतील. चांगली पिचर बॅटिंगला कच्ची असेल तर डीपी-फ्लेक्सचा नियम वापर, तिच्या जागी दुसरी बॅटिंग करते, म्हणजे नऊऐवजी दहा जणी लाइनअपमध्ये येतात. तेरात दहा खेळल्या की बाहेर तीनच उरतात.

आता राहिल्या नऊ. त्यांना घरी पाठवू नको. यादीत पाचवी-सहावीच्या बऱ्याच दिसतायत, त्यांची वेगळी बॅच कर, आठवड्यात दोन दिवस, आणि शनिवारी सगळ्यांना एकत्र बोलावून अकरा-अकराच्या दोन टीम पाडून मॅच लाव. तिथे कोणाला बाहेर बसवायचंच नाही, अकराच्या अकरा जणींनी ओळीने बॅटिंग करायची, फील्डिंगला दर इनिंगला दोघी बदलायच्या. मोठ्या पोरींना आयती प्रॅक्टिस मॅच मिळते आणि लहानींचे गुडघे पण मातीत जातात. पुढच्या वर्षीची टीम त्यातूनच निघते. ग्लोव्हज मोजून ठेव मात्र, डावखुरीचा एक तरी वेगळा लागतो, तो सगळे विसरतात.

आणि यादी ग्रुपवर टाकू नको. नऊ जणींना एकेक करून बाजूला घे आणि नेमकं सांग, तुझा थ्रो सेकंड बेसपर्यंत एका टप्प्यात पोहोचला की आपण परत बघू. नुसतं "पुढच्या वेळी" म्हटलं की पोरगी समजून जाते. पालक आले तर त्यांना हा ६३ जागांचा हिशोब कागदावर मांडून दाखव, शेतकऱ्याला वाटणी लगेच कळते.

रविवारी सकाळी साडेसहाला मैदानावर येतो. पिचिंग टाकू शकतील असं वाटणाऱ्या पाच-सहा जणींना तेवढं बोलावून ठेव, बाकी कोणाला नको. चुना आणि मोजपट्टी माझ्याकडे आहे.

तुझा,
सर